पद नव्हते, अभ्यास होता

“निकाह झाला, आता पदवीचा काय उपयोग?” हा प्रश्न आम्हा बहिणींना नातेवाइकांनी पुष्कळदा विचारला. अशा वेळी आम्ही मारिया गोपर्ट मायर यांची हकीकत सांगतो.

जर्मनीत १९३० साली डॉक्टरेट मिळवून त्या पतीबरोबर अमेरिकेला गेल्या. पतीला बाल्टिमोरच्या विद्यापीठात नोकरी मिळाली. मारियांना मात्र वर्षानुवर्षे बिनपगारीच संशोधन करावे लागले. दोन मुले वाढवताना पतीची साथ होती. अणुकेंद्रातील कण थराथरांनी कसे रचलेले असतात, हे त्यांनी उलगडले. पूर्ण पगाराची प्राध्यापकी १९६० मध्ये, पन्नाशी उलटल्यावर मिळाली. १९६३ मध्ये नोबेल.

नोकरी देणे आपल्या हाती नसेल; पण लेकी-सुनांची पुस्तके माळ्यावर जाऊ न देणे तर आहे ना?