दंडाची पावती कुणाच्या बाजूने?

संपादकांनी फोनवर विषय एका दमात सांगितला. ‘सरकारी जमिनीवर पन्नास-पन्नास वर्षं राहिलेल्या माणसाला उठवलं, तर त्याला मोबदला मिळतो का? सोप्या भाषेत लिहा, कलमं नकोत.’ जमिनीच्या कायद्यावर कलमांशिवाय लिहायचं म्हणजे मिठाशिवाय पिठलं. प्रयत्न करतो. मधेच एखादं कलम आलं तर वाचकांनी ते ओलांडून खुशाल पुढे जावं.

थोडक्यात उत्तर असं. जमिनीची किंमत म्हणून मोबदला जवळजवळ नाहीच. घर, विहीर, झाडं यांचे पैसे मिळतात कधी कधी, बरेचसे उठवणाऱ्या खात्याच्या मर्जीवर. आणि दुसरीकडे बसवून देणं, म्हणजे पुनर्वसन, हे जमीन कुठली, प्रकल्प कोणता आणि त्यात पैसा कुणाचा यावर ठरतं. या तीन वेगळ्या मागण्या आहेत. माझ्याकडे येणारे पक्षकार तिन्हींची एकच मोट बांधून येतात. समोरचे अधिकारीही तिन्हींना मिळून एकदाच ‘नाही’ म्हणतात.

जिल्हा कोर्टाबाहेरच्या टपरीवर प्रत्येकाला एक नियम पाठ असतो: बारा वर्षं बसलं की जमीन आपली. ही बारा वर्षं खाजगी मालकाविरुद्धची. सरकारविरुद्ध मुदतीच्या कायद्यात तीस वर्षं आहेत. १९६३ चा कायदा येण्याआधी ती साठ होती. शिवाय नुसतं बसून भागत नाही. कब्जा उघड हवा, अखंड हवा आणि ‘मालक मीच, सरकार कोण?’ अशा तोऱ्यातला हवा. याला प्रतिकूल कब्जा म्हणतात. घरपट्टी भरली, मीटर बसलं, रेशनकार्डावर पत्ता पडला, म्हणून मालकी येत नाही. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ ला नाव लागतं ते कर वसूल करण्यापुरतं. हे मी इतक्यांदा सांगितलं आहे की आता ज्युनियर माझ्या आधी सांगून मोकळे होतात.

गंमत म्हणजे सरकारी जमिनीवर दीर्घकाळ बसून सुप्रीम कोर्टात जिंकलेला सगळ्यात नामांकित कब्जेदार आहे मुंबईची महापालिका. १८६५ साली सरकारने मंडईसाठी पालिकेला जागा द्यायचं ठरवलं, पण रीतसर दस्त झालाच नाही. पालिकेने लाखो रुपये घालून मंडई उभी केली. १९४० मध्ये कलेक्टरांना त्या जागेवर सारा लावायची बुद्धी झाली. १९५१ मध्ये सुप्रीम कोर्टाने बहुमताने सांगितलं की इतकी दशकं जागा बिनसाऱ्याची म्हणून उघडपणे वापरली, तेव्हा तो हक्क आता पक्का झाला. पुढे याच महापालिकेने १९८१ च्या पावसाळ्यात फुटपाथवरची माणसं हटवायला घेतली. त्यावरचा १९८५ चा ओल्गा टेलिस निकाल बहुतेकांना नावाने ठाऊक असतो. उपजीविका हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असं त्यात म्हटलं आहे हे सगळे सांगतात. त्याच निकालात पालिकेला झोपड्या हटवायची मुभाही दिली होती, फक्त पावसाळा उलटू द्या म्हणून, हे फारसं कुणी सांगत नाही. मंडईला जे मिळालं ते झोपडीला मिळालं नाही. या दोन निकालांचे कायदेशीर मुद्दे वेगळे आहेत हे मला कळतं. तरी दोन्ही लागोपाठ वाचले की माझी चिडचिड होते.

आता ज्या प्रकरणाने वर्षभर डोकं खाल्लं आहे ते सांगतो. रस्ता रुंद करण्याचं काम. रस्त्याच्या एका अंगाला सातबाऱ्याची शेतं, दुसऱ्या अंगाला गायरान. गायरानावर एका भूमिहीन कुटुंबाची वहिती, दोन खोल्या, दगडी बांधीव विहीर, बांधावर चिंच आणि लिंब. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९६४-६५ मध्ये भूमिहीनांचा जो सत्याग्रह झाला, त्यात या घरातले आजोबा तुरुंगात गेले होते. सुटून आल्यावर त्यांनी इथे नांगर घातला. रस्त्यासाठी समोरच्या शेतकऱ्यांना निवाड्याप्रमाणे पैसे मिळाले. या कुटुंबाला नोटीस मिळाली.

त्या आजोबांची सून, आज सत्तरी ओलांडलेल्या मावशी, पत्र्याचा डबा घेऊन ऑफिसात आल्या. डब्यात दंडाच्या पावत्या. काही पिवळ्या पडलेल्या, एका गठ्ठ्याचा कोपरा उंदरांनी खाल्लेला. प्रत्येकीवर गट नंबर, तलाठ्याची सही, अनधिकृत वहितीचा उल्लेख आणि रक्कम. कुठे सात रुपये, कुठे बावीस. एका पावतीच्या पाठीवर पेन्सिलीने सरकीच्या पोत्यांचा हिशेब. गाव नमुना १-ई, म्हणजे अतिक्रमणांची नोंदवही, तिच्या नकलाही होत्या. मावशी म्हणाल्या, ‘साहेब, आम्ही चोर होतो तर सरकारनं दरसाली पैसे कशाला घेतले? आन् चोर नव्हतो तर आता उठवायलेत कशाला?’

यावर माझं आणि माझ्या एका वकीलमित्राचं गेली कित्येक वर्षं भांडण चालू आहे. संपादकांची क्षमा मागून ते जरा सविस्तर मांडतो, कारण सगळी मेख इथेच आहे.

पावती प्रतिकूल कब्ज्याच्या दाव्यात दाखवली की दावा आपल्या हाताने बुडतो. दरवर्षी सरकार म्हणालं, ‘जमीन माझी, तू बिनपरवाना’. तुम्ही दंड भरून मान डोलावली. मग ‘मालक मीच’ हा तोरा राहिला कुठे? नियमित करून द्या असा अर्ज केला असेल तर त्याहून वाईट, कारण मागितलं म्हणजे देणारा मालक हे कबूल केलं. पण तीच पावती नियमितीकरणाच्या प्रस्तावात सोन्याची होते. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाप्रमाणे भूमिहीनांनी १४ एप्रिल १९९० पूर्वी शेतीसाठी केलेली अतिक्रमणं नियमित करायची होती. तेव्हा वहिती होती हे दाखवायला दंडाच्या पावतीइतका सरळ सरकारी कागद दुसरा नाही. महसूल संहितेतही कलम ५० अतिक्रमण काढायचं, आणि लगेच पुढचं ५१ तेच अतिक्रमण नियमित करून द्यायचं. मालकीचा दावा की नियमितीकरण, या दोन दारांपैकी कुठल्या दाराने आत शिरायचं हे वकिलाने पहिल्या दिवशी ठरवायला हवं. माझा मित्र दोन्ही दारं एकदम ठोठावतो. त्याचं म्हणणं, निशाणी ५ वर, म्हणजे तात्पुरत्या मनाईच्या अर्जावर, हुकूम मिळाला की पुढचं पुढे. मनाई मिळतेही. मग पाच-सात वर्षांनी दावा फेटाळला जातो, आणि निकालात लिहिलेलं असतं की वादीने सरकारची मालकी कबूल केली आहे.

माझं मत तिसरंच आहे. पावतीवरून ना मालकी सिद्ध होते, ना चोरी. सिद्ध होतं ते एवढंच, की सरकारला सगळं ठाऊक होतं. कलम ५० हाताशी असताना पिढ्यान्‌पिढ्या ते वापरलं नाही, ५१ चा प्रस्ताव ‘वर पाठवला आहे’ म्हणून ठेवला आणि वसुली मात्र चुकवली नाही. या काळात माणसाने विहीर खणली. तिची किंमत देताना ‘विहीरही अनधिकृत’ म्हणायचा अधिकार सरकारने आपल्या वागण्यातून गमावला आहे.

हे माझ्या मनचं नाही. इस्तंबूलजवळ कचरा डेपोच्या कडेला सरकारी जमिनीवर बिनपरवाना झोपड्या होत्या. १९९३ मध्ये डेपोत मिथेनचा स्फोट झाला, ३९ माणसं गेली. ओनेरिल्दिझ नावाच्या माणसाने त्यात घरची नऊ माणसं गमावली. २००४ मध्ये स्ट्रासबूरच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने सांगितलं की जमीन त्याची नव्हती हे खरं, पण प्रशासनाने तिथे राहू दिलं, कर घेतला, सोयी पुरवल्या, म्हणून ते घर त्याची मालमत्ता धरावी लागेल. हा निकाल मी आवडीने वाचून दाखवतो. सरकारी वकील हुशार असले तर २०१० चा डेपाल निकाल काढतात. फ्रान्सच्या समुद्रकिनाऱ्यावर, सरकारी हद्दीत, परवान्याच्या मुदतवाढी घेत दशकानुदशकं टिकलेलं घर होतं. त्याच न्यायालयाने ते मोबदल्याशिवाय पाडायला हरकत घेतली नाही. सुदैवाने आमच्याकडे तेवढे हुशार सरकारी वकील नेहमी नसतात.

भूसंपादनाच्या कायद्यातली अडचण याहून निराळी आहे. सरकार स्वतःची जमीन संपादित करत नाही. तिच्यात दुसऱ्याचा काही हक्क असेल तर तेवढाच घेतं. मुंबईच्या फोरास जमिनींच्या प्रकरणात १९५५ साली सुप्रीम कोर्टाने हे तत्त्व मांडलं, आणि ते बरोबरच आहे. पण त्याचा परिणाम बघा. २०१३ च्या कायद्यात बाधित कुटुंबाची व्याख्या मोठ्या मनाने केली आहे. तीन वर्षं त्या भागात राबून पोट भरणारे शेतमजूर, कूळ, वाटेकरी, कारागीर, सगळे त्यात बसतात. म्हणजे रस्त्यापलीकडच्या सातबाऱ्यावर तीन वर्षांपूर्वी आलेला वाटेकरी बाधित ठरू शकतो. अलीकडे साठ वर्षं असलेल्या मावशी ठरत नाहीत, कारण त्यांच्या बाजूला ‘संपादन’ झालंच नाही, फक्त अतिक्रमण हटलं.

सरकारला हे कळत नाही असं समजू नये. मुंबई नागरी परिवहन प्रकल्पात जागतिक बँकेचा पैसा होता. जमिनीचा हक्क नसलेल्यांनाही पुनर्वसनाची मदत द्यायची, हा त्या बँकेचा दंडक. मग रुळांकडेच्या झोपडीवासीयांसाठी याच राज्याने धोरण आखलं आणि २२५ चौरस फुटांची घरं दिली. कर्जाची अट असली की डोळे उघडतात.

आता माझी शंका. गायरान गावाच्या गुराढोरांचं असतं. धनगरांच्या मेंढरांना आज बसायला जागा राहिलेली नाही आणि त्याला फक्त गरिबांची वहिती कारण नाही. गायरानावर मंगल कार्यालयं आहेत, शिक्षणसंस्था आहेत. २०११ च्या जगपाल सिंग निकालात सुप्रीम कोर्टाने गावतळ्यावरची घरं हटवताना म्हटलं की अतिक्रमण जुनं आहे किंवा त्यावर भरपूर खर्च झाला आहे, ही सबब चालणार नाही. मात्र भूमिहीन मजूर, अनुसूचित जाती-जमाती यांना शासकीय अधिसूचनेने पट्टे दिले असतील तर, किंवा शाळा-दवाखाना असेल तर अपवाद, हेही तिथेच लिहिलं आहे. तेवढं वाक्य नोटिशीत कधी येत नाही. दुसऱ्या बाजूने, रस्त्याची आखणी फुटली की एका रात्रीत डाळिंबाची रोपं उगवलेली मी पाहिली आहेत. झाडाला पैसे मिळणार असले की झाड लागतं. म्हणून ‘कब्जेदाराला मोबदला द्या’ असं सरसकट लिहून द्यायला माझा हात धजत नाही. कुणाला द्यायचा हे कुणीतरी तपासून ठरवायला हवं, आणि तपासणारा पुन्हा तोच तलाठी.

असं तपासून ठरवण्याची पद्धत या देशाने एकदा बसवली आहे, ती वनजमिनीसाठी. २००६ च्या वनहक्क कायद्यात दाव्याची पडताळणी पूर्ण होईपर्यंत उठवता येत नाही. पडताळणी ग्रामसभेपासून सुरू होते. १३ डिसेंबर २००५ पूर्वी पुनर्वसन न देता बेकायदा हुसकावलेल्यांना पर्यायी जमिनीसह पुनर्वसनाचा हक्क आहे. मावशींचं शेत गायरानात आहे, वनात नाही, म्हणून यातलं काहीही त्यांना लागू नाही.

आम्ही खंडपीठात रिट केलं आहे. त्यात विहीर, घर आणि झाडं यांची किंमत मागितली आहे, पर्यायी जागा मागितली आहे, ५१ चा जुना प्रस्ताव निकाली काढा म्हटलं आहे. जमिनीचा मोबदला मागितलेला नाही. ज्युनियरला हे पटलेलं नाही. तो म्हणतो, ‘सर, मागायला काय जातं?’ मी त्याला सांगितलं की एकदा मालकीची भाषा केली, की सरकारी वकील तिच्यावरच तास काढतात आणि विहीर राहून जाते.