नेकनूरचा बाजार : कानांनीं पाहिलेला

शब्द हा आकाशाचा गुण, असें नैयायिक मानितात. तो दिशाहि सांगतो, हें आम्हीं नेकनूरच्या आठवडी बाजारांत अनुभविलें. बीडहून मांजरसुंब्यावरून केजकडे जातांना हें गांव लागतें. नातवानें दोन्ही कानांशीं बारीक मायक्रोफोन लाविले होते. बाजूनें येणारा ध्वनि एका कानीं दुसऱ्याहून सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षांहि कमी वेळ आधीं पोंचतो. तेवढ्यावरून मन दिशा ओळखतें. यास्तव असें मुद्रण हेडफोन लावून ऐकतां बाजार भोंवतीं उभा राहतो : डावीकडे शेळ्या, पाठीमागें तराजूची साखळी, समोर भज्यांची कढई. कॅनडांत मरे शेफर व त्यांचे सहकारी यांनीं व्हँकूव्हर शहराचे नाद १९७३ च्या सुमारास मुद्रित करून ठेविले.

बैलबाजारांत नातू थबकला. "आजोबा, सौदा चाललाय, पण आवाज कुठंय?" उपरण्याखालीं बोटें दाबून भाव ठरत होता. अखेर विकणाऱ्यानें बैलाच्या गळ्यांतील घुंगुरमाळ सोडून पिशवींत टाकिली. ती एकदांच वाजली. मुद्रणांत त्या सौद्याची एवढीच खूण उमटली आहे. घरीं आम्हीं ती पुनःपुन्हां ऐकिली. त्यानंतर ऐकूं येतात तीं फक्त दूर जाणारीं पावलें.