अनुस्वार सरकला

घरात हार्मोनियम आणली तर शेजारी दारे लावून घेतात आणि सी.एन.सी. राउटर आणला तर दार उघडून आत येतात. संगणकाने सांगायचे आणि यंत्राने लाकूड कोरायचे, एवढाच त्याचा मामला. जेवणाच्या टेबलाएवढी चौकट, गाडा आडवा, उभा आणि वर-खाली नेणाऱ्या मोटारी, आणि गाड्याला लटकलेले फिरते पाते. तर आमच्या या यंत्राला ‘आनंद’ असे कोरायला सांगितले आणि त्याने कोरले, ‘आनदं’.

एरवी मी हसून सोडून दिले असते. पण रविवारी ताईंच्या, म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीच्या, नव्या घराची वास्तुशांत होती. सदाशिव पेठेतला त्यांचा वाडा पाडला तेव्हा दिंडीदरवाजाची एक सागवानी फळी तेवढी वाचली होती. तिच्यावर घराचे नाव कोरून हवे होते. सागवान लाकडाच्या वखारीत मागाल तितके मिळते, पण सासरे रोज रात्री जिला कडी घालीत ती फळी एकच. म्हणून तालमी सगळ्या प्लायवूडवर. सहा ‘आनदं’ झाले. दोन आमच्याकडे पातेली उतरवायला उपयोगी पडताहेत.

या यंत्राच्या मोटारी स्टेपर जातीच्या. एका फेऱ्यात २०० पावले टाकायची, आणि त्या प्रत्येक पावलाचे पुन्हा १६ तुकडे. म्हणजे फेऱ्याला ३२०० पावले झाली. एका फेऱ्यात लांब स्क्रू गाड्याला ८ मिलिमीटर सरकवतो. भागाकार करा, मिलिमीटरला ४०० पावले. यंत्राच्या ग्रबल नावाच्या आज्ञावलीत हा आकडा ‘डॉलर १००’ या खणात लिहितात. (डॉलर नुसता नावाला!) हिशेब इतका चोख, की चूक व्हायला जागाच नको. पण हलक्या यंत्रांतली ही मोटार आंधळी असते. साहेबाने ‘चारशे’ म्हटले की निघाली. पोचली का, हे साहेब विचारीत नाही आणि ती सांगत नाही. त्यामुळे फळीवर अनुस्वार भलत्याच्या डोक्यावर बसला तरी पडद्यावर तो ‘न’वरच, अगदी शासकीय अहवालात असतो तसा.

सर्दी आणि यंत्र यांवर औषध नाही असा माणूस आमच्या सोसायटीत नाही. तळमजल्यावरच्यांनी मोटार बदलायला सांगितली. समोरच्यांनी वेग निम्मा करायला सांगितला. हा सल्ला तसा बरा, कारण फार घाई केली की मोटार पावले चुकवते. वेग निम्मा केला. अनुस्वार पूर्वीपेक्षा सावकाश चुकीच्या जागी गेला. एकाने वास्तूत दोष काढला, पण तो यंत्राच्या की आमच्या, हे सांगितले नाही.

पावलांचा आकडाच चुकला असता तर चूक अंतराबरोबर वाढली असती : १०० मिलिमीटरला एक, तर २००ला दोन. डायल गेज लावून पाहिले, पट्टी लावून पाहिले. पाते न टेकवता गाडा हलवला की १०० म्हणजे १००!

बायकोने सहाही तुकडे ओट्यावर ओळीने मांडले. म्हणाली, “अहो, हा दर वेळी वेगळीकडे आहे. इथे ‘न’ आणि ‘द’च्या मधे, इथे थेट ‘द’वर. ठरलेली खोड असती तर ठरलेल्या जागी दिसली असती. काहीतरी सुटलंय. आईच्या शिवणयंत्राचं चाक असंच नुसतं फिरायचं.”

मोटारीचा दांडा आणि स्क्रू यांना जोडणाऱ्या कपलिंगवर, दोन्हींवरून जाईल अशी पेन्सिलीची एक रेघ ओढली आणि सातवा तुकडा लावला. अनुस्वार हा आमच्या यंत्राचा शेवटचा संस्कार. तो होईपर्यंत रेघेचे दोन तुकडे झाले होते, एक मोटारीकडे, एक कपलिंगकडे, भाऊबंदकीत होतात तसे. जोडून आलेले यंत्र; जोडणाऱ्याने साबुदाण्याएवढा ग्रब स्क्रू दांड्याच्या सपाट बाजूवर न बसवता गोलाईवर बसवला होता. मोकळे फिरताना तो धरून राही, लाकडाचा जोर लागला की घसरे. ॲलन कीने तो जागेवर आणला आणि सुटू नये म्हणून निळ्या द्रावाचा थेंब सोडला.

आठव्या तुकड्यावर अनुस्वार ‘न’च्या डोक्यावर आला, पण गोल नव्हे, किंचित चेपलेला. हा नटातला ढिलेपणा. जुन्या अँबॅसेडरचे स्टिअरिंग आठवा : उलटे फिरवले की पहिला थोडा भाग नुसता विचारविनिमयात जायचा. स्प्रिंगचा नट घातल्यावर तो गेला.

शनिवारी रात्री फळी चढवली. त्याआधी बायकोने फ्रिजवरचे लोहचुंबक तिच्यावरून दोनदा फिरवले. जुन्या लाकडात खिळा मोडलेला असला तर पाते गेले. चाळीस मिनिटे आम्ही दोघेही काही बोललो नाही. सागाचा जुना वास घरभर झाला.

रविवारी ताईंनी पाटी हातात घेतली. अक्षरांकडे नीट पाहिलेसुद्धा नाही. उजव्या कडेला कडीने पाडलेला काळा चंद्रकोरी खड्डा होता, त्यात अंगठा बसवून बहिणीला म्हणाल्या, “हा बुजवला नाहीत ते बरं केलंत गं.”