तेलाची कुपी

इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातील अथेन्समध्ये चित्रांकित मृत्पात्रे रोजच्या वापरातली होती. पाण्याच्या हायड्रियाला तीन कान असत: दोन उचलण्यास, एक ओतण्यास. आम्हांला मात्र लेकिथॉस ही अरुंद गळ्याची तेलाची कुपी अधिक बोलकी वाटते. पांढऱ्या लेपावर नाजूक रंगांत चितारलेली कुपी मृतांसाठी असे. थडग्याशी टोपली घेऊन आलेली स्त्री तिच्यावर वारंवार दिसते. अशा काही कुप्यांच्या पोटात, गळ्याखाली, लहानशी वाटी दडवलेली आढळते. तेल तेवढेच मावे. कुपी मात्र काठोकाठ भरलेली दिसे. कुणी याला फसवणूक म्हणेल. कित्येक दफनविधी केलेल्या आम्हांला तसे म्हणवत नाही. तेल मोलाचे होते, आणि रिकाम्या हातांनी थडग्याशी जाणे त्या स्त्रीला कसे रुचावे?