येणे बाकी



गेल्या जानेवारीत मुलाने आम्हा दोघांना केनियाला नेले. सिंह-हत्ती पाहून झाले, पण माझे मन मोंबासाकडे लागले होते.

माझे माहेर हालारी ओसवाल. आजोबा जामनगरजवळच्या खेड्यातून गलबताने मोंबासाला गेले. खाली दुकान, वर बिऱ्हाड. वडील तिथेच जन्मले, बाराव्या वर्षी शिकायला देशात आले आणि पुढे भिवंडीत स्थिरावले. आजोबांच्या मागे मोटाबापूंनी तिथले सगळे आवरून लंडन गाठले. "मोठ्या भावाने घर विकले, माझा हिस्सा बुडवला," हे वडिलांचे शल्य. शेवटपर्यंत ते भावाशी बोलले नाहीत. आम्हा चुलत बहिणींचेही नाते तुटले.

नैरोबीहून सकाळच्या रेल्वेने निघालो. सोबत थेपले, खाकरे होतेच. विषुववृत्त जवळ असल्याने तिथे बाराही महिने सूर्यास्त साडेसहाच्या आसपास, त्यामुळे चोविहाराची अडचण नाही.

फोर्ट जीझसच्या पलीकडे जुने शहर. अरुंद गल्ल्या, लाकडी सज्जे, कोरीव दारे. दुकानाला तिथे 'डुका'च म्हणतात. जुन्या फोटोमागच्या पत्त्यावरून घर सापडले. दारात दगडी ओटा. "आपल्या घराला चौदा पायऱ्या, त्रिशला मातेच्या स्वप्नांइतक्या," असे वडील सांगायचे. मी मोजल्या. चौदाच होत्या. डोळे भरून आले.

घरमालक वयस्कर मुस्लिम गृहस्थ. "करिबू," म्हणून त्यांनी आत बोलावले. मी म्हटले, "हे माझ्या आजोबांचे घर." ते हसले आणि कपाटातून आपल्या वडिलांच्या वेळची भाडेवही काढली. दर महिन्याचे शिलिंग, आणि समोर गुजरातीत आजोबांची सही!

घर आमचे कधी नव्हतेच. आजोबा सवयीने 'आपणुं घर' म्हणत, आणि बारा वर्षांच्या मुलाने ते खरे मानले. मोटाबापू विकणार काय होते?

मैत्रिणींनो, मी बी. कॉम. झालेली. घरात भाजीच्या पैशांचाही हिशोब लिहिते. पण वडिलांनी मांडलेल्या या येणे बाकीची पावती मी कधी मागितली नाही. एका पत्राने उलगडा झाला असता. तेही दोघांपैकी कुणी लिहिले नाही, आणि आता दोघेही नाहीत.

तिथून लँगोनी रस्त्यावरच्या देरासरात गेलो. १९६३ सालचे, पांढऱ्या संगमरवराचे. पार्श्वनाथ भगवानांसमोर बसले, पण मन स्थिर होईना. दरवर्षी संवत्सरीला मोबाइलवरून शंभर जणांना 'मिच्छामि दुक्कडम्' पाठवते. जिला पाठवायला हवे, ती त्या यादीत कधीच नव्हती.

संवत्सरी आठ महिने लांब होती. मी थांबले नाही. भाचीकडून नंबर घेतला आणि संध्याकाळी लंडनला फोन लावला. बहिणीने आवाज ओळखला नाही. नाव सांगितल्यावर बराच वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "बापूजी सांगत होते गं, घर भाड्याचे होते म्हणून. पण ऐकणार कोण?"

मी एवढेच म्हणू शकले, "मिच्छामि दुक्कडम्, बेन."