आत्याबाईंचें गाणें आणि सोळा कोअरांचें यंत्र

आमच्या सदाशिव पेठेंतील घरांत कोणतीहि मोठी खरेदी सभा भरविल्यावांचून होत नाहीं. दोन वर्षांपूर्वीं अशीच एक सभा भरली. विषय होता टेलिव्हिजनवरील कार्यक्रम आपोआप टिपून ठेवणाऱ्या संगणकाचा, आणि निमित्त होतें आमच्या आत्याबाईंचें. आत्याबाईंनीं आतां ऐंशी ओलांडली आहे. तरुणपणीं त्या मुंबई दूरदर्शनवर एकदां गायिल्या होत्या. मुंबई केंद्र १९७२ सालीं सुरू झालें आणि पुढल्या वर्षीं सिंहगडावरील मनोऱ्यामुळें तें पुण्यांत दिसूं लागलें. आत्याबाईंचें गाणें लागलें तेव्हां शेजारच्या वाड्यांतील एकुलत्या एका संचासमोर सारी आळी जमली होती. पुढें कोणीं मिळवून दिलेली त्याची कॅसेट बुरशीनें गेली. सह्याद्री वाहिनीवर जुने कार्यक्रम अधूनमधून पुन्हां दाखवितात. “माझं लागलं तर धरून ठेवा रे,” एवढेंच त्यांचें मागणें.

सभेंत पुतण्या म्हणाला, “काका, घ्यायचाच तर सोळा कोअरांचा प्रोसेसर घेऊं. पुन्हां दहा वर्षं बघायला नको.” आम्ही किंमत ऐकून कचरलों. त्यावर आमचे वडील बंधु उसळले. ज्या पुण्यांत सी-डॅकनें १९९१ सालीं ट्रान्सप्यूटर नांवाच्या लहान प्रोसेसरांची पलटण उभी करून परम ८००० हा महासंगणक बांधला, त्या पुण्यांतल्या माणसानें सोळा कोअरांस भ्यावें काय! एवढ्या दाखल्यापुढें कोण बोलणार? तपकीर गल्लींत जाऊन तो प्रोसेसर आणला. पैसे मात्र त्यांतच संपले. म्हणून हार्ड डिस्क जुन्या संगणकांतली, अडीचशें जीबीची, काढून बसविली.

टिपतांना प्रोसेसर करतो तरी काय, हा साधा प्रश्न आमच्यापैकीं कोणासच सुचला नाहीं. उत्तर असें कीं, जवळजवळ कांहींच करीत नाहीं. आमच्याकडे डीडी फ्री डिशची छत्री आहे. ही सेवा २००४ सालीं सुरू झाली आणि तिला मासिक वर्गणी नाहीं. त्यावरील कार्यक्रम उपग्रहावरून येतो तोच दाबून लहान केलेल्या आंकड्यांच्या रूपानें. ट्यूनर ते आंकडे पकडतो आणि संगणक ते जसेच्या तसे डिस्कवर उतरवितो. आलेला लखोटा न फोडतां फायलींत लावणाऱ्या कारकुनासारखा. साध्या वाहिनीचा तासभराचा कार्यक्रम सुमारें दोन जीबी जागा घेतो. चार वाहिन्या एकाच वेळीं टिपल्या तरी सेकंदाला दोन-अडीच मेगाबाइटांहून अधिक लिहावें लागत नाहीं, आणि साधी डिस्क सेकंदाला शंभराच्या वर लिहिते. सोळा कोअर स्वस्थ बसून वीज खात होते.

काम पडतें तें पुढें. आमची भाची नाशिकला असते. तिला तेच कार्यक्रम फोनवर पाहावयाचे असतात. साध्या वाहिनीचें चित्र एक सोडून एक रेषा अशा अर्ध्या अर्ध्या चित्रांनीं येतें, सेकंदाला पन्नास. फोनसाठीं तीं अर्धीं चित्रें जोडून, निराळ्या पद्धतीनें पुन्हां दाबावीं लागतात. यास ट्रान्सकोडिंग म्हणतात. त्या कामाकरितां प्रोसेसरांतच स्वतंत्र विभाग असूं शकतो. इंटेलनें तो २०११ सालीं ‘क्विक सिंक’ या नांवानें आणला. जें काम हा विभाग मुकाट्यानें उरकतो, त्यासाठीं एरवीं सारे कोअर जुंपावे लागतात. आणि आम्हीं चार पैसे वांचविण्यासाठीं जो प्रोसेसर घेतला, त्याच्या नांवाअखेर ‘एफ’ हें अक्षर होतें! त्याचा अर्थ चित्र-विभाग चालूच नाहीं. भाचीनें फोन उघडला कीं इकडे माजघरांत पिठाची गिरणी सुरू झाल्यासारखा पंखा घोंगावे.

हेंहि चाललें असतें. परंतु एका रविवारीं सकाळीं आत्याबाईंचें गाणें खरोखरच लागलें. सारें घर टीव्हीपुढें बसलें होतें. त्यांनीं स्वतःस ओळखलें आणि पदर तोंडाशीं धरला. रात्रीं पुन्हां लावून पाहतों तों दुसऱ्या अंतऱ्याच्या आरंभींच चित्र थांबलें. डिस्क भरली होती. पुतण्यानें क्रिकेटचे सामने टिपून ठेवले होते, आमच्या घरांतील मंडळींनीं मालिका, आणि आम्हीं स्वतः कधींहि न पाहिलेल्या बातम्या. आत्याबाई कोणासहि रागें भरल्या नाहींत. “असूं दे,” म्हणून निजावयास गेल्या. त्यांनीं चार शब्द बोलून घेतले असते तर आम्हांस बरें वाटलें असतें.

दुसरें यंत्र आम्हीं सभा न भरवितां आणलें. त्यांत २०२३ सालीं आलेला एन-१०० हा इंटेलचा लहान प्रोसेसर आहे. कोअर चार, नेमून दिलेली शक्ति सहा वॅट, आणि चित्र-विभाग शाबूत. पहिलें यंत्र नुसतें बसून साठ वॅट घेई, म्हणजे महिन्याला त्रेचाळीस युनिटें; हें दहा वॅट घेतें, म्हणजे सातच. आमच्यासारख्या मोठ्या घराचें बिल तीनशें युनिटांच्या उंबरठ्यावर घोटाळत असतें, आणि तो ओलांडला कीं वरच्या युनिटांस चढा दर लागतो. तेव्हां हा फरक किरकोळ नव्हे. वांचलेल्या पैशांत चार-चार टेराबाइटच्या दोन हार्ड डिस्क आल्या. एकीवरचें रोज रात्रीं दुसरीवर उतरतें. ज्यास जाहिराती शोधून कापावयाच्या आहेत किंवा सारा जुना संग्रह नव्यानें दाबावयाचा आहे, त्यानें मोठा प्रोसेसर खुशाल घ्यावा. आमचा पुतण्याच्या खोलींत खेळांसाठीं गेला. त्याची अर्थातच तक्रार नाहीं.

गाणें मात्र पुन्हां लागलेलें नाहीं. सह्याद्रीवर जुन्या गाण्यांचा कार्यक्रम असला कीं यंत्र तो टिपतें, आणि आम्ही सकाळीं चाळून पाहतों. शनिवारीं संध्याकाळीं आत्याबाई तें अर्धें गाणें लावावयास सांगतात. चित्र थांबतें तेथून पुढचा अंतरा त्या स्वतः म्हणतात. आवाज आतां बसला आहे. जागा तशाच आहेत. परवां पुतण्यानें तो अंतरा फोनवर टिपून घेतला आणि दोन्ही डिस्कवर ठेवला आहे.