सातशे फोटो, आणि एक न काढलेला

मैत्रिणींनो, प्रवासाहून परतलं की पहिला प्रश्न ठरलेला, "फोटो दाखवा ना!" माझ्याकडे सातशे आहेत. पण आज सांगायचंय ते त्यांत नसलेल्या एका गोष्टीबद्दल.

हे प्रवासी बोटीवर इंजिनीअर. सहा-सहा महिने मुलं, सासूबाईंची दुखणी, सारं माझ्याकडे. आणि ह्यांच्याकडून यायचे ते फोटो! "कोटोरचं आखात एकदा तुला दाखवीन," असं हे नेहमी म्हणत. निवृत्तीनंतर तो योग आला.

कोटोर आहे मॉन्टेनेग्रोत. एड्रियाटिक समुद्रकाठचा हा देश आपल्या नाशिक जिल्ह्याहूनही लहान. २००६ साली स्वतंत्र झाला. नावाचा अर्थ 'काळा डोंगर', आणि डोंगर खरोखरच समुद्रात पाय सोडून बसलेले! मी तर फोटो काढतच सुटले. स्वेती स्तेफानचं बेट, बुदवाच्या गल्ल्या, कोटोरची मांजरं. कोटोरच्या तटाच्या साडेतेराशे पायऱ्याही चढले. (तुम्ही गेलात तर उन्हं वर येण्याआधी चढा, आणि चपला नकोत, बूट घाला.)

"अगं, डोळ्यांनीही बघ जरा!" हे म्हणाले.

"इतकी वर्षं तुमच्या फोटोंतूनच जग पाहिलं, आता मला काढू द्या!" मी बोलून गेले. हे गप्प झाले.

दुसऱ्या दिवशी पेरास्त गावाहून होडीने एका बेटावर गेलो. हे बेट माणसांनी रचलेलं. १४५२ साली कोळ्यांना तिथल्या खडकावर मेरीमातेचं चित्र सापडलं, अशी आख्यायिका आहे. तेव्हापासून खलाशांनी तिथे दगड टाकले, जुनी गलबतं बुडवली, आणि वर देऊळ बांधलं. अजूनही दर २२ जुलैला संध्याकाळी होड्यांतून दगड नेऊन टाकतात. आत खलाशांनी नवसाला वाहिलेले चांदीचे पत्रे आहेत.

आणि तिथेच आहे ते भरतकाम. यासिंता कुनिच नावाच्या पेरास्तच्या बाईने, समुद्रावर गेलेल्या आपल्या माणसाची वाट पाहत, पंचवीस वर्षं ते भरलं, असं सांगतात. रेशीम, सोन्याचांदीची तार, आणि स्वतःचे केस! देवदूतांच्या डोक्यांवर तिचेच केस आहेत. आधीचे रंगाचे, नंतरचे पांढरे.

मी मोबाइल वर केला, आणि तसाच पर्समध्ये ठेवला.

एरवी "चल, चल" करणारे हे शेजारी उभे होते. बऱ्याच वेळाने हळूच म्हणाले, "मी नसताना संध्याकाळी तू काय करायचीस गं?"

तीस वर्षांत हा प्रश्न पहिल्यांदाच आला.

"मुलांचा अभ्यास घ्यायचे, सासूबाईंचे पाय चेपायचे. मग तुटलेली बटणं लावत बसायचे," मी म्हटलं. परतीच्या होडीत मग बाकीचंही सांगितलं. धाकट्याला टायफॉइड झाला तेव्हाच्या रात्री, पत्रांत कधी न लिहिलेल्या. हे ऐकत होते. मागे बेट लहान होत गेलं. त्याचाही फोटो राहून गेला.

फोटो जरूर काढा, बायांनो. पण प्रत्येक गावात एकदा तरी मोबाइल पर्समध्ये ठेवून बघा. त्या भरतकामाचा फोटो माझ्याकडे नाही. कोणी विचारलं की मी तोंडीच सांगत बसते, आणि हेही येऊन ऐकत बसतात.